हिशेब कोणाला द्यायचा? जमनालाल बजाज यांचे गुरुजन, श्रद्धा आणि व्यापार

भारतातील व्यापारी घराण्यांच्या कीर्द-खतावणीत देवाचे नाव आधी आणि रकमा नंतर, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा होते, पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहिले जाते आणि त्याच वहीत ‘धर्मादा’ नावाचे एक खाते उघडले जाते. धर्मादा म्हणजे प्रत्येक सौद्यावर धर्मकार्यासाठी बाजूला काढलेली ठरीव लहानशी रक्कम. या पैशातून पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोया आणि मंदिरे उभी राहिली, आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही या व्यवस्थेतील एक गोम लक्षात घ्यावी लागते. धर्मादा बहुधा सौद्याच्या रकमेवर गिऱ्हाइकाकडूनच वसूल होत असे, आणि नफा कोणत्या मार्गाने आला हा प्रश्न या खात्यात कधीच विचारला जात नसे. श्रद्धा अशा रीतीने वहीच्या एका पानापुरती राहू शकत होती आणि उरलेली पाने बाजाराच्या रिवाजाने भरली जात होती.

ही सीमा ओलांडून श्रद्धेला संपूर्ण वहीत शिरू देणारे व्यापारी फार थोडे झाले, आणि वर्ध्याचे सेठ जमनालाल बजाज हे त्यांतले सर्वांत ठळक नाव आहे. त्यांच्या चरित्राकडे सहसा स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाचा एक भाग म्हणून पाहिले जाते, पण कौटुंबिक उद्योगाच्या मालकाची मूल्ये घडतात कशी, या प्रश्नाच्या दृष्टीनेही ते तितकेच बोलके आहे. धार्मिक संस्कार त्या काळच्या बहुतेक सेठ-सावकारांवर झालेलेच होते. जमनालालांचे वेगळेपण असे की त्यांनी आपल्या जीवनाचा हिशेब ज्याला द्यावा लागेल असा माणूस जाणीवपूर्वक शोधला आणि तो सापडल्यावर खरोखरच त्याला हिशेब दिला.

जमनालालांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या ‘काशी का बास’ या खेड्यात एका सामान्य मारवाडी कुटुंबात झाला. वर्ध्यात स्थायिक झालेले धनिक व्यापारी सेठ बच्छराज यांचा मुलगा निवर्तला होता, आणि घराण्याचे नाव पुढे चालावे म्हणून त्यांनी लहानग्या जमनालालला नातू म्हणून दत्तक घेतले. विदर्भ-वऱ्हाडचा हा पट्टा कापसाच्या व्यापारामुळे मुंबईच्या बाजाराशी आणि मुंबईमार्फत इंग्लंडच्या गिरण्यांशी जोडला गेलेला होता. सावकारी, कापूस, जिनिंग-प्रेसिंग आणि मालगुजारी, म्हणजे सारावसुलीच्या हक्कासह असलेली जमिनीची मालकी, असा त्या पेढीचा पसारा होता. औपचारिक शिक्षण फारसे झाले नाही, पण पेढीवरचे शिक्षण मात्र पक्के झाले. घरातील वातावरण वैष्णव भक्तीचे होते आणि बच्छराजांनी वर्ध्यात लक्ष्मीनारायणाचे मंदिरही बांधले होते.

या पार्श्वभूमीवर १९०७ मधील एका प्रसंगाचे महत्त्व कळते. एका लग्नाला जाताना अंगावर दागिने घालण्यास जमनालालांनी नकार दिला, त्यावरून बच्छराज संतापले आणि दत्तक नातवाला संपत्तीवरून बोलले. सतरा वर्षांच्या जमनालालांनी संपत्तीवर आपला कोणताही हक्क नसल्याचे लेखी लिहून दिले आणि घर सोडले. त्या पत्रात रागाचा सूर नव्हता, उलट आजोबांविषयी कृतज्ञता होती. आजोबांची समजूत पटली, नातू परत आला आणि त्याच वर्षी बच्छराजांचे निधन झाल्यावर सगळी पेढी त्याच्याच हाती आली. कायद्याने ती त्याची होती, पण ज्या धनावरचा हक्क आपण लिहून सोडला ते आपले कसे, ही खंत त्यांच्या मनातून पुढे कधी गेलेली दिसत नाही. गांधींचे नावही ज्या काळात हिंदुस्थानात फारसे कोणाला माहीत नव्हते त्या काळातील ही घटना आहे, आणि म्हणून मार्गदर्शकाने शिष्याला कोऱ्या पाटीसारखे घडवले असे मानण्याचा मोह इथे आवरावा लागतो. प्रश्न शिष्याजवळ आधीपासून होता. गुरूंकडून त्याला उत्तराची दिशा मिळाली.

त्या दिशेचा शोध पुढील काही वर्षे चालू राहिला. लोकमान्य टिळकांच्या विचारांचा प्रसार करण्यासाठी नागपूरहून निघणाऱ्या ‘हिंदी केसरी’ला त्यांनी रोजच्या हातखर्चातून साठवलेले शंभर रुपये कोवळ्या वयातच दिले होते. पुढे पंडित मदनमोहन मालवीय, रवींद्रनाथ ठाकूर अशा मोठ्या माणसांच्या सहवासाचा त्यांनी प्रयत्न केला. सर्वांविषयी आदर वाटला, पण शिष्यत्व पत्करावे असे कोणी वाटले नाही. १९१५ मध्ये गांधी दक्षिण आफ्रिकेहून परतले आणि अहमदाबादेत त्यांनी आश्रम काढला, तेव्हा जमनालाल तिथे वारंवार जाऊ लागले आणि या माणसाचे बोलणे व वागणे एक आहे की नाही हे पाहू लागले. त्यांची ही पद्धत अगदी व्यापाऱ्याची होती. पेढीवर नवा अडत्या नेमतानाही त्याची पत अशीच जोखली जाते, आणि गुरू निवडताना त्याहून कमी चोखंदळपणा दाखवण्याचे त्यांना कारण वाटले नसावे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्षपद जमनालालांकडे होते. त्या सुमारास त्यांनी गांधींपुढे एक विलक्षण मागणी ठेवली: मला आपला पाचवा मुलगा माना. गांधींना चार मुलगे होते. त्यांनी ही मागणी मान्य केली आणि तेव्हापासून त्यांची पत्रे ‘चिरंजीव जमनालाल’ या मायन्याने येऊ लागली. लहानपणी दुसऱ्याच्या इच्छेने दत्तक गेलेला हा माणूस तिशी ओलांडल्यावर स्वतःच्या इच्छेने पुन्हा दत्तक गेला, असे म्हणता येईल.

या नात्याचा व्यापाराशी संबंध कोणता, हे समजण्यासाठी विश्वस्तवृत्तीची कल्पना नीट पाहावी लागते. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचा सांभाळ करणारा. मालमत्ता त्याच्या ताब्यात असते, पण तिचा उपभोग त्याच्यासाठी नसतो. गांधींनी ही कल्पना दोन ठिकाणांहून घेतली होती, हे त्यांनी आत्मकथेत सांगितले आहे. गीतेतील अपरिग्रह, म्हणजे वस्तूंवर आपली मालकी न ठेवणे, आणि समभाव हे दोन शब्द त्यांच्या मनात घर करून होते, पण घरदार, बायकामुले असलेल्या माणसाने अपरिग्रही कसे व्हायचे हे कळत नव्हते. इंग्रजी कायद्याच्या अभ्यासात भेटलेल्या विश्वस्ताच्या संकल्पनेने ती अडचण सोडवली. संपत्ती टाकून देण्याची गरज नाही, ती आपली नाही असे समजून सांभाळायची आहे, असा त्याचा अर्थ. धार्मिक ग्रंथ आणि वकिलीचे पाठ्यपुस्तक यांच्या मिलाफातून निघालेला हा विचार एखाद्या संन्याशाच्या उपयोगाचा नव्हता. तो कारखानदार, जमीनदार आणि व्यापारी यांच्यासाठीच होता.

जुन्या दानधर्माहून हा विचार वेगळा कसा? दानात आधी धन माझे असते आणि मग त्याचा अंश मी देतो; देणाऱ्याचे श्रेष्ठत्व त्यात अबाधित राहते. विश्वस्तवृत्तीत धन मुळातच समाजाचे असते आणि सांभाळणाऱ्याला मेहनतान्यापुरता वाटा मिळतो. त्यामुळे धन कसे मिळवले, कामगाराला काय दिले, गिऱ्हाइकाला कसले माप घातले, हे प्रश्न आपोआप धर्माच्या कक्षेत येतात. त्या काळी वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारण्याची रीत बाजारात होती आणि जमनालालांनी आपल्या पेढीत ती बंद करवली, अशी आठवण त्यांच्याविषयी सांगितली जाते. गोष्ट लहान आहे, पण धर्मादा खात्यात किती रक्कम जमा झाली यापेक्षा कापसाच्या गासडीत पाणी किती आहे, हा प्रश्न व्यापाऱ्याच्या श्रद्धेची खरी परीक्षा घेतो.

१९२१ मध्ये असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारने दिलेली ‘रायबहादूर’ ही पदवी परत केली आणि वकिली सोडणाऱ्या देशभक्त वकिलांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले. त्या काळात सरकारदरबारी असलेली पत हे व्यापाऱ्याचे भांडवलच होते, त्यामुळे पदवी परत करण्यात भावनेइतकाच धंद्याचा धोकाही होता. पुढे दीर्घकाळ ते काँग्रेसचे कोषाध्यक्ष होते, अखिल भारतीय चरखा संघाचेही कोषाध्यक्ष होते, आणि १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहापासून अनेकदा तुरुंगात गेले.

गांधींना त्यांनी पिता मानले, तर गुरू मानले ते विनोबांना. वर्ध्यात साबरमतीसारखा आश्रम असावा या जमनालालांच्या आग्रहावरून गांधींनी एप्रिल १९२१ मध्ये विनोबांना तिथे पाठवले. विनोबा वयाने जमनालालांहून सुमारे सहा वर्षांनी लहान होते. लक्ष्मीपुत्राने आपल्याहून लहान, निष्कांचन माणसाला गुरू म्हणावे, हे मराठी संतपरंपरेत वाढलेल्या वाचकाला नवल वाटणारे नाही. दुकानदारीच्या घरात जन्मलेल्या तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवल्याची कथा इथल्या घराघरांत ठाऊक आहे. विनोबांद्वारे हीच परंपरा मारवाडी पेढीत शिरली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर दर रविवारी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, तेव्हा श्रोत्यांत कैदी म्हणून जमनालालही होते. आपल्या मुलांना त्यांनी विनोबांच्या आश्रमात शिकायला ठेवले. पेढीच्या वारसांनी सूतकताई, भंगीकाम आणि दळणकांडण करत वाढावे, हा शैक्षणिक निर्णय आजच्या उद्योगपतींच्या कल्पनेतही बसणार नाही.

श्रद्धेची कसोटी सर्वांत कठोरपणे लागली ती मात्र पेढीवर नव्हे, घरच्या देवळात. बच्छराजांनी बांधलेले लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ च्या जुलै महिन्यात जमनालालांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुले केले. विश्वस्त मंडळाचे मन वळवणे आणि जातीतील सनातन्यांचा रोष पत्करणे या दोन्ही गोष्टी त्यासाठी कराव्या लागल्या. त्या काळी व्यापाऱ्याची पत, हुंडी, सोयरीक हे सारे जातीच्या जाळ्यावर चालत असे, म्हणून जातीचा रोष हा केवळ सामाजिक त्रास नसून व्यापारी धोकाही होता. पत्नी जानकीदेवींनीही पडदा सोडला, दागिने आणि परदेशी कापड टाकले. मारवाडी घरातील सुनेसाठी ही गोष्ट पदवी परत करण्याहून अवघड होती, हे चरित्रकारांनी पुरेशा ठळकपणे सांगितलेले नाही. याच सुमारास डॉ. आंबेडकरांचा लढाही सुरू होता. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचा आणि १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. वर्ध्यात मालकाच्या अंतःकरणाने दार उघडले, नाशकात हक्क मागणाऱ्यांसाठी ते वर्षानुवर्षे बंद राहिले. विश्वस्तवृत्तीची मर्यादा नेमकी या फरकात आहे. सगळे काही धनवानाच्या सदसद्विवेकावर सोपवले तर विवेक नसलेल्या धनवानाचे काय करायचे, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नव्हते, आणि आंबेडकरांनी १९४५ मधील आपल्या काँग्रेस व गांधीविषयक ग्रंथात या कल्पनेवर कडक टीका केली ती उगाच नव्हे.

दुसरी विसंगती खुद्द वर्ध्यातच होती. १९३४ पासून गांधी जमनालालांच्या आग्रहाने वर्ध्यात राहू लागले. त्यांच्या ग्रामोद्योग संघाला जमनालालांनी आपली बाग आणि घर दिले, तीच मगनवाडी. १९३६ मध्ये गांधी जवळच्या शेगावला गेले, तिथली बरीचशी जमीन जमनालालांच्या मालकीची होती आणि तेच गाव पुढे सेवाग्राम झाले. मगनवाडीत संघाचे काम पाहणारे कुमारप्पा घाणीचे तेल, हातसडीचे तांदूळ आणि गुऱ्हाळातला गूळ यांचा पुरस्कार करत होते, आणि ज्यांच्या बागेत हे चालले होते त्यांनी १९३१ मध्ये संयुक्त प्रांतातील गोला गोकर्णनाथ येथे साखर कारखाना काढलेला होता. गुळाचा आश्रयदाता साखरेचा कारखानदार, ही विसंगती कोणापासून लपलेली नव्हती. तिचा अर्थ ढोंग असा लावणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. जमनालालांनी ग्रामोद्योगाचे अर्थशास्त्र पूर्णपणे स्वीकारले होते असे दिसत नाही; त्यांनी स्वीकारला होता तो संपत्तीकडे पाहण्याचा दृष्टिकोन. स्वदेशी कारखाना देशाला हवा, त्याचा नफा देशकार्याला हवा, अशी त्यांची सरळ व्यापारी मांडणी होती. लाहोरचा मुकंद लोखंड कारखाना अडचणीत आला तेव्हा गांधींच्याच सल्ल्याने जमनालालांनी आणि जीवनलाल शहा यांनी तो हाती घेतला, यावरून गांधीही शिष्याला कारखानदारीपासून दूर ठेवत नव्हते हे दिसते. गुरूचे सर्व मत मानल्याशिवायही गुरूला उत्तरदायी राहता येते, आणि कदाचित असेच नाते प्रौढ माणसाला शोभते.

उत्तरदायित्वाचे स्वरूप त्यांच्या पत्रव्यवहारातून कळते. काका कालेलकरांनी संपादित केलेल्या ‘पाँचवें पुत्र को बापू के आशीर्वाद’ या संग्रहात गांधींची पत्रे आहेत. त्यांत देशकार्याच्या जोडीला मुलांची शिक्षणे, लग्ने, आजारपणे आणि जमनालालांनी कळवलेल्या स्वतःच्या मनोदुर्बलता या सगळ्यांचा विचार आहे. मोठ्या पेढीच्या मालकाभोवती होयबांची कमतरता कधीच नसते. त्याला ‘हे चुकले’ म्हणू शकेल अशा माणसाची कमतरता असते. जमनालालांनी ती आपणहून भरून काढली. तरी मन निवले नाही. १९४१ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर ते देहरादूनजवळ आनंदमयी माँ यांच्याकडे गेले आणि आपल्याला आई मिळाल्याचे समाधान त्यांना तिथे लाभले. परत आल्यावर त्यांनी गोसेवेचे काम पत्करले, वर्ध्याच्या गोपुरीत साध्या झोपडीत राहू लागले, आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वयाच्या बावन्नाव्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. धनिकांनी विश्वस्त व्हावे असे लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे मुख्यतः जमनालालच असत, असे गांधींनी त्यानंतर ‘हरिजन’मध्ये लिहिले.

मूल्यांचा वारसा मात्र मृत्युपत्राने देता येत नाही, हे पुढच्या इतिहासातून दिसते. थोरले चिरंजीव कमलनयन यांनी उद्योगाचा विस्तार केला. १९५९ मध्ये स्कूटर निर्मितीचा परवाना मिळाला आणि आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. परवानाराजात स्कूटरसाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. विश्वस्ताच्या दृष्टीने ही परिस्थिती भूषणावह नव्हती, जरी ती सरकारी धोरणातून आलेली होती. धाकटे रामकृष्ण यांच्या वृत्तीत वडिलांची छाया अधिक दिसते. साठीच्या दशकात टंचाई, साठेबाजी आणि भेसळ यांनी ग्राहक हैराण झाला असताना त्यांनी जे. आर. डी. टाटा आणि इतर उद्योगपतींच्या सोबतीने १९६६ मध्ये मुंबईत ‘फेअर ट्रेड प्रॅक्टिसेस असोसिएशन’ स्थापन केली. व्यापाऱ्यांनी स्वतःवरच आचारसंहितेचे बंधन घालून घ्यावे हा तिचा हेतू होता. वडिलांना हिशेब घेणारा माणूस मिळाला होता. मुलाने तो हिशेब घेण्यासाठी संस्था काढली. व्यक्तिगत गुरू पुढच्या पिढीला मिळेलच असे नसते, म्हणून ही पायरी घराण्याच्या इतिहासात देणग्यांच्या आकड्यांपेक्षा मोलाची मानली पाहिजे. १९७७ मध्ये स्थापन झालेले जमनालाल बजाज फाउंडेशन विधायक कार्यकर्त्यांना दरवर्षी पुरस्कार देते, आणि गोपुरीजवळ दगडी शिळांवर विनोबांची संपूर्ण ‘गीताई’ कोरलेले गीताई मंदिर १९८० पासून उभे आहे.

तिसऱ्या पिढीतील राहुल बजाज यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका समारंभात केंद्रीय गृहमंत्र्यांच्या समक्ष, उद्योगपती सरकारवर टीका करायला घाबरतात असे सांगितले, तेव्हा अनेकांना रायबहादूर पदवी परत करणाऱ्या आजोबांची आठवण झाली. हेच राहुल बजाज १९९३ मध्ये परदेशी कंपन्यांशी स्पर्धेसाठी देशी उद्योगांना समान संधी मागणाऱ्या ‘बॉम्बे क्लब’मध्येही आघाडीवर होते. निर्भयता आणि स्वहित एकाच माणसात सुखाने नांदू शकतात, आणि त्यासाठी कोणाला दोष देण्याचे कारण नाही. पण संयुक्त कुटुंब टिकवण्याचे काम श्रद्धेलाही जमले नाही. कमलनयन आणि रामकृष्ण यांच्या पुढच्या पिढीत भावाभावांत वाद झाला, प्रकरण काही वर्षे चालले आणि २००८ मध्ये वाटणी पूर्ण झाली. जमनालालांनी काढलेला गोला गोकर्णनाथचा साखर उद्योग एका शाखेकडे गेला, आकुर्डीचा वाहन उद्योग दुसरीकडे राहिला, आणि दोन्ही शाखा आजही बजाज याच नावाने व्यापार करतात.